जत्रेला जा, सराफ्यात जा, रसही करा, फक्त उपाशी जाऊ नका

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतरांनाही कळावं म्हणून आधी थोडक्यात लिहिते. तुमचं घर इंदुरात, राजेंद्र नगरात. मिस्टर ५२ वर्षांचे, शुगरच्या दोन गोळ्या चालू आहेत, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन, मागचा एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ७.१. सासूबाई ७४ च्या, त्यांना बीपीची गोळी आणि त्यातच लघवी वाढवणारी गोळी. लेक पंधराची. मे महिन्यात नणंदेची मुलं पुण्याहून येणार, आपल्या मराठी मंडळींची तीन दिवसांची खाद्यजत्रा आहे, पोरांना सराफा हा रात्रीचा खाऊबाजार आणि ५६ दुकान ही खाण्याच्या दुकानांची रांग दाखवायचीय, घरी रस-पुरी तर होणारच. तुम्ही विचारलंय की यंदा सगळं बंद करून टाकू, की उन्हाळा वर्षातून एकदाच येतो म्हणून खाऊ देऊ? आणि अगदी शेवटी एक ओळ टाकलीये की जत्रेच्या दिवशी मिस्टर दुपारी जेवत नाहीत, 'संध्याकाळी खायचंच आहे ना' म्हणतात, आणि आता लेकही तेच करायला लागलीये.

मी इंदुरात २२ वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम करतेय, आणि मनापासून सांगते, तुमच्या अख्ख्या प्रश्नात मला भीती वाटली ती या शेवटच्या ओळीची. पुरणपोळीची नाही, सराफ्याचीही नाही.

ग्लिमेपिराइड ही गोळी शरीराला इन्सुलिन सोडायला लावते, मग पोटात अन्न असो वा नसो. सकाळी गोळी घेतली, नाश्त्याला चार घास पोहे, दुपारी काहीच नाही आणि संध्याकाळी साडेसहाला ४१-४२ डिग्रीत तापलेल्या मैदानावर एका स्टॉलवरून दुसऱ्या स्टॉलवर फिरणं, तर शुगर एकदम खाली येऊ शकते. मी हे डोळ्यांनी बघितलंय. काही वर्षांपूर्वी अशाच एका जत्रेत मांड्यांच्या स्टॉलपाशी रांगेत एक काका उभे होते, हातात कूपन, कपाळावरून घामाच्या धारा, बायको म्हणतेय 'ऊन लागलं वाटतं', कुणी रुमाल ओला करून डोक्यावर ठेवतंय. मी जवळ गेले तर हात थरथरत होते आणि बोलणं अडखळत होतं, विचारलं की जेवलात का दुपारी, तर काकूच म्हणाल्या, नाही हो, इथे खायचं म्हणून सकाळपासून पोट रिकामं ठेवलंय. शेजारच्या स्टॉलवरून साखर मागून तीन चमचे पाण्यात घोळून पाजली, पंधरा मिनिटांत काका माणसात आले, मग त्यांना झुणका-भाकर खाऊ घातली. नुसती साखर देऊन सोडायचं नसतं, ती तासाभरात उतरते, मागोमाग पोटभरीचं काहीतरी लागतं. म्हणून मिस्टरांच्या खिशात ग्लुकोज पावडरची छोटी पुडी किंवा चार-पाच गोड गोळ्या उन्हाळाभर असूच द्या. माणूस बेशुद्ध होत असेल किंवा गिळता येत नसेल तर मात्र तोंडात काहीही घालू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. आणि जत्रेच्या दिवशी गोळीचं काय करायचं हे त्यांच्या डॉक्टरांनाच आधी विचारा, स्वतःच्या मनाने गोळी अर्धी करणं किंवा 'आज गोड खायचंय' म्हणून एक जास्त घेणं, दोन्ही नको.

गोळी नसलेल्यांसाठीही उपाशी जाणं वाईटच. भुकेल्या पोटी माणूस निवडत नाही, जे पहिलं दिसेल ते उचलतो, आणि जत्रेत गेटजवळ नेहमी तळणाचा कढाव आणि गोळेवालाच असतो, हो की नाही? त्यामुळे त्या दिवशी दुपारी साधं जेवण कराच. मूग किंवा मटकीची उसळ, एक-दोन पोळ्या, काकडीची कोशिंबीर, वाटीभर ताक. निघायच्या तासभर आधी मूठभर फुटाणे किंवा उकडलेल्या शेंगा. एवढं पोटात असलं की चार स्टॉल शांतपणे फिरून बघता येतात आणि मग जे खरंच खावंसं वाटतं तेच घेतलं जातं.

आता जत्रेत काय खायचं. आपल्याकडच्या या जत्रांमध्ये बरेच स्टॉल घरगुती बायकांचे असतात, आणि पदार्थ खरं तर चांगले असतात. ज्वारीची भाकरी आणि झुणका, वांग्याचं भरीत, थालीपीठ, मटकीची उसळ, हे मी शुगरच्या पेशंटला हसत खायला सांगते. मिसळ घ्या, पण वरची तर्री अर्धी बाजूला आणि फरसाणाऐवजी कांदा जास्त मागा. थालिपिठावर लोणी असतं, असू दे की, चमचाभर लोण्याने काही बिघडत नाही. कोथिंबीर वडी, अळूवडी, साबुदाणा वडा ही तळलेली मंडळी, यातला एकच प्रकार निवडा आणि प्लेट चौघांत. साबुदाणा जवळजवळ सगळा स्टार्चच, त्यात प्रथिनं जी काय येतात ती शेंगदाण्यातून, त्यामुळे मिस्टरांनी साबुदाणा वडा आणि पुरणपोळी एकाच संध्याकाळी घेऊ नये. पुरणपोळी खायचीच असेल तर आधी भाकरी-झुणका किंवा उसळ पोटात जाऊ द्या, सोबत काकडी-टोमॅटो, आणि सगळ्यात शेवटी अर्धी पोळी तुपासोबत. भाजी-डाळ आधी आणि गोड-पिठूळ शेवटी असा क्रम ठेवला तर जेवणानंतरची शुगर कमी चढते हे अभ्यासांतही दिसलंय आणि माझ्या पेशंटांच्या शुगर मोजायच्या मीटरवरही रोज दिसतं. आपली पंगतीतली पद्धत उलटी, आधी गोडाचा घास घेऊन सुरुवात, तर नैवेद्याचा एक घास आधी घ्या, माझी हरकत नाही, बाकीचं गोड मागाहून. आणि खाऊन लगेच खुर्ची धरून बसू नका, दहा-पंधरा मिनिटं तिथेच फिरा, माणसं भेटतातच.

स्टॉल कसा निवडायचा हे मात्र नीट सांगते, कारण मे महिन्यात पोट बिघडण्याचा धोका कॅलरीपेक्षा आधी येतो. शिजवलेलं अन्न ५ ते ६० डिग्रीच्या मधल्या तापमानात राहिलं की जंतू भराभर वाढतात, म्हणून एरवी दोन तासांची मुदत धरतात आणि बाहेर ३२ डिग्रीच्या वर असेल तर एकच तास. मे महिन्यात इंदुरात रात्री नऊलाही कित्येकदा ३२ च्या वर असतं, म्हणजे दुपारी चारला करून परातीत झाकून ठेवलेले दहीवडे रात्री आठला खाण्यात काय अर्थ आहे ते तुम्हीच बघा. समोर तव्यावर, कढईत, वाफेवर होतंय ते घ्या. पाणी घातलेली हिरवी चटणी, कापून ठेवलेलं टरबूज, खव्याची मिठाई, ताटात उघडं ठेवलेलं श्रीखंड, यातलं काहीच उन्हाळ्यात बाहेर नको. कढईतलं तेलही बघा. काळपट झालंय, वर फेस धरून राहतोय, धूर लवकर निघतोय, वास डोळ्यांना झोंबतोय, तर पुढच्या स्टॉलवर चला. तेलात वारंवार तळल्याने जे घटक तयार होतात, ज्याला टोटल पोलर कंपाउंड म्हणतात, ते २५ टक्क्यांवर गेले की ते तेल वापरायचं नाही असा एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियम २०१८ पासून आहे. आपल्याकडे मोजायचं यंत्र नसतं, पण नाक असतं, ते वापरा.

बर्फाचा गोळा. पोरं मागणारच. गोळ्याच्या रंगापेक्षा मला बर्फाची काळजी असते, तो कुठल्या पाण्याचा आणि कशात गुंडाळून आणलाय. खाण्याचा नसलेल्या बर्फात निळा रंग घालायचा असा नियम आहे, त्यामुळे निळसर लादी दिसली तर अजिबात नको. बाकी बर्फाची खात्री नसेल तर गोळा घरीच करा. फिल्टरच्या पाण्याचा बर्फ मिक्सरमध्ये फिरवून त्यावर घरचं काळ्या द्राक्षांचं किंवा कैरीचं पाणी, लिंबू, जिरावन (आपला इंदुरी चटपटीत, खारट मसाला). पुण्याच्या मुलांना वर जिरावन भुरभुरलेला गोळा माहीतच नसणार, बघा कसे तुटून पडतात ते.

सराफ्याचं गणित वेगळं आहे. तिथे दिवसा सोन्याची दुकानं, ती मिटली की रात्री नऊ-साडेनऊनंतर खाण्याचे ठेले लागतात आणि एक-दोनपर्यंत चालतं. इंदूरच्या घरांत काय होतं, आठला रीतसर वरण-भात-भाजी-पोळी जेवायचं आणि दहाला 'चला जरा सराफ्यात चक्कर मारून येऊ' म्हणून निघायचं, म्हणजे एका रात्री दोन जेवणं, आणि दुसरं जेवण झोपायच्या तोंडावर. पाहुणे आले की हे आठवड्यातून तीनदा होतं. ज्या दिवशी सराफ्यात जायचंय त्या दिवशी सराफा हेच रात्रीचं जेवण. सातला घरी ताक, काकडी, मुगाचं एक धिरडं एवढंच. सराफ्यात ठेले लागले की लगेच पोहोचा, गर्दी कमी असते, तेलही ताजं असतं, आणि साडेदहापर्यंत घरी.

तिथलं काय काय? भुट्ट्याचा कीस चांगला, कणीस दुधात शिजवलेलं, गरम, लिंबू पिळलेलं, कोथिंबीर, एक दोना (द्रोण) दोघांत. साबुदाण्याची खिचडी इथे वाफेवर ठेवलेली असते, आपल्या घरच्यासारखी तुपात परतत नाहीत, तूप कमी पण वरून फराळी चिवडा पडतो तो थोडाच घाला म्हणा. खोपरा पॅटीस म्हणजे बटाट्याचं आवरण, आत नारळ, आणि तळलेलं, एक पॅटीस दोघांत. गराडू म्हणजे तळलेला कंद, हा थंडीचा पदार्थ, उन्हाळ्यात शोधत बसू नका. मालपुआ, रबडी, मावाबाटी आणि तो ताटाएवढा जलेबा, यातलं एक, सगळ्यांत मिळून एक. आणि शिकंजी. बाहेरगावच्या लोकांना वाटतं शिकंजी म्हणजे लिंबाचं सरबत, आपली इंदुरी शिकंजी आटवलेल्या दुधाची, दह्या-ताकाची आंबटसर चव, केशर, सुकामेवा, म्हणजे ती पिण्याची मिठाईच. नणंदेच्या मुलांना एक ग्लास दोघांत द्या, आणि मिस्टरांनी दोन घोट चव घ्यावी आणि ग्लास पुढे सरकवावा. मी माझ्या पेशंटना एक साधी गोष्ट सांगते की चार माणसं असाल तर एकूण चार-पाच दोने घ्या आणि सगळे दोने मधे ठेवा, प्रत्येकाला सगळ्याची चव मिळते आणि पोटात एका माणसाचं जेवण जातं.

५६ दुकानाबद्दल फार सांगायचं नाही, तिथे एफएसएसएआयचं क्लीन स्ट्रीट फूड हबचं सर्टिफिकेट आहे, स्वच्छता बरी आहे, पण सर्टिफिकेट स्वच्छतेचं असतं, साखर-तेलाचं नसतं, एवढं लक्षात ठेवा. दाल-बाफल्याला नेलंत तर एकच सांगणं. बाफला म्हणजे कणकेचा गोळा, आधी पाण्यात उकडून मग भाजलेला असतो, तोपर्यंत काहीच वाईट नाही, पण नंतर तो तुपात बुडवून ठेवतात. न बुडवलेला मागा, मिळतो, आणि तूप वाटीत घेऊन स्वतः चमच्याने घाला. चहाच्या एका चमच्याला साधारण ४५ कॅलरी, दोन चमचे घातले तरी चव पूर्ण येते.

आता घर. ताई, महिन्याची दोन वेळची जेवणं साठ. त्यात जत्रा आणि सराफा मिळून फार तर पाच-सहा. बाकीची चोपन्न तुमच्या ओट्यावर होतात आणि माझा अनुभव असा की उन्हाळ्यात शुगर आणि वजन तिथेच वाढतं. फ्रीजमधली सरबताची बाटली, डब्यातली शेव, आणि रस.

शेवेपासून सांगते. आपण इंदूरवाले पोह्यांवर शेव घालतो, वरणावर घालतो, टोमॅटोच्या भाजीत घालतो, पाहुणे आले की बशीत घालतो. १०० ग्रॅम बेसनाच्या शेवेत साडेपाचशेच्या आसपास कॅलरी असतात, म्हणजे सहज उचललेली एक मूठ, २५ ग्रॅम धरा, एक-दीड पोळीएवढी झाली, आणि त्यातलं मीठ वेगळं. शेव बंद करायला मी कुणाला सांगितलेलं नाही, इंदुरात ते कुणी ऐकणारही नाही, पण मोठा डबा टेबलावरून उचलून वरच्या फडताळात ठेवा आणि टेबलावर छोट्या वाटीत चमचा घालून ठेवा. मुठीऐवजी चमचा, एवढाच बदल. पोह्यांवर चमचाभर शेव, भरपूर कांदा, मोड आलेले मूग आणि लिंबू. पोह्यांतलं लोह अंगी लागायला लिंबाची मदत होते, त्यामुळे लिंबू चुकवू नका, विशेषतः लेकीसाठी. सोबतची जिलबी रविवारी.

पन्हं मी स्वतः मोजून बघितलंय म्हणून आकड्यांत सांगते. आपली नेहमीची रीत म्हणजे एक वाटी कैरीच्या गराला दीड ते दोन वाट्या साखर किंवा गूळ. त्या मिश्रणाचे चार मोठे चमचे ग्लासात पडले की एका ग्लासात तीसेक ग्रॅम साखर गेली. जागतिक आरोग्य संघटना सांगते की दोन हजार कॅलरी खाणाऱ्या माणसाने वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवावी, गूळ-मध त्यातच धरून. म्हणजे एका ग्लासात दिवसाचा कोटा संपला आणि आपण मुलांना तीन ग्लास देतो, 'गुळाचं आहे, थंड असतं' म्हणून. गुळाचं पन्हं शुगरला चालतं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी सांगते, रक्तात गेल्यावर गूळ साखरेसारखाच वागतो.

मग काय करायचं, पन्हं सोडायचं? मुळीच नाही. कैरी कमी आंबट घ्या, तोतापुरी चालते, आंबटपणा जितका कमी तितका गूळ कमी लागतो. कैरी उकडण्याऐवजी गॅसवर सालासकट भाजा, साल काळी पडून आतला गर मऊ होईपर्यंत, त्या धुरकट चवीला गोड फारसं लागतच नाही. एका मोठ्या भाजलेल्या कैरीच्या गरात दोन मोठे चमचे किसलेला गूळ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, पुदिना, चिमूटभर सैंधव, आणि लिटरभर पाणी. ग्लासाला सात-आठ ग्रॅमच्या पुढे साखर जात नाही. आणि एक गोष्ट, गार झालं की जिभेला गोड कमी लागतं, म्हणून फ्रीजमधून काढून चव घेऊन पुन्हा गूळ घालायचा मोह होतो. त्यापेक्षा पन्हं माठाच्या पाण्यात करा. बाटलीतलं सरबताचं सिरप म्हणजे वजनाने अर्ध्याहून जास्त साखरच, ते यंदा आणूच नका. मुलांना ताक, सब्जा घातलेलं लिंबूपाणी, कलिंगडाच्या फोडी. फोडी द्या, रस काढू नका.

आता रसाचं. लोक मला विचारतात आंबा चालतो का, आणि मी नेहमी विचारते की कुणाच्या जोडीला? १०० ग्रॅम आंब्यात साधारण ६० कॅलरी आणि १४ ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे १५० ग्रॅमच्या वाटीत वीस-एकवीस ग्रॅम. त्यात दोन चमचे साखर घातली की तीस. त्यासोबत सहा पुऱ्या, बटाट्याची भाजी, कुरडया-पापड, आणि वर मसालेभात. एवढ्या ताटात बिचारा आंबा एकटाच का बदनाम व्हावा? रसाच्या दिवशी ताट असं मांडा की रस हीच गोड वस्तू आणि बाकी ताट हलकं. पुऱ्या पोरांना दोन-तीन, मोठ्यांना फुलके, बटाट्याऐवजी गवार किंवा भेंडीची भाजी, मटकीची उसळ हवीच, काकडीची कोशिंबीर हवीच, भात नको. मिस्टरांना लहान वाटी, शंभर ग्रॅमची, आणि त्यांच्या दोन फुलक्यांतला एक कमी. साखर कुणालाच घालू नका, पिकलेल्या आंब्याला लागतच नाही. कच्चट, चव नसलेल्या आंब्याचा रस करून त्यात साखर ओतण्यापेक्षा चार दिवस थांबून गवतात नीट पिकलेला बदाम किंवा केसर घ्या. आपल्या आजीची पद्धत, रसात चमचाभर तूप, सुंठेची चिमूट, हीच ठेवा, तुपामुळे साखर जरा सावकाश चढते. रस शक्यतो गाळू नका, चोथा असू दे. आणि रस दुपारी, रात्री जेवण झाल्यावर टीव्हीसमोर 'उरलाय तेवढा संपवून टाका' म्हणून नाही. आणल्यावर आंबे तासभर पाण्यात घाला, चीक आणि वरची धूळ निघते. कार्बाइडने पिकवायला बंदी आहे तरी खबरदारी म्हणून सालीला तोंड लावून चोखण्याआधी धुवाच.

हे मी इतकं ठासून का सांगते ते सांगते. सुरुवातीच्या वर्षांत मीही छापील कागद द्यायचे, आंबा बंद, बटाटा बंद, भात बंद, गोड बंद. एक काका होते, शिस्तीचे, दोन महिने आंब्याला हात लावला नाही, घरात सगळे रस खायचे तेव्हा उठून बाहेरच्या खोलीत जाऊन बसायचे. जूनमध्ये काकू रडवेल्या होऊन सांगत आल्या की रात्री दोनला उठून फ्रीजसमोर उभ्या उभ्या पातेलंभर रस संपवला. त्या माणसाची चूक नव्हती, माझ्या कागदाची होती. त्यानंतर मी 'बंद' हा शब्द सोडला.

सासूबाईंचं थोडं वेगळं. त्यांचा प्रश्न साखरेचा नाही, मिठाचा आणि पाण्याचा. आयसीएमआरच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या त्यात दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगितलंय, म्हणजे सगळं धरून चहाचा सपाट एक चमचा. आणि उन्हाळ्यात आपल्याकडे काय काय खारट येतं बघा, वाळवणं, पापड ज्यात मीठही आणि पापडखारही, टक्कू, कैरीचं लोणचं, ताकात मीठ, वर जिरावन. एका जेवणाला यातलं एकच, आणि पापड भाजलेला. 'उन्हाळ्यात घाम येतो, मीठ जास्त लागतं' हे शेतात राबणाऱ्याला ठीक, घरात पंख्याखाली बसणाऱ्या बीपीच्या माणसाला नाही. त्यातून लघवी वाढवणारी गोळी आणि उन्हाळा, शरीरातलं पाणी कमी व्हायला वेळ लागत नाही, शिवाय या वयात तहान कमी लागते. त्यांच्याजवळ तांब्या-भांडं भरून ठेवा आणि तासातासाने घोट घोट द्या. उठताना चक्कर, लघवी गडद पिवळी, गळून गेल्यासारखं वाटणं, असं काही दिसलं तर डॉक्टरांना फोन करा, गोळी आपल्या मनाने थांबवू नका. नारळपाणी रोज देण्याआधीही एकदा विचारा, किडनी कमजोर असेल किंवा बीपीच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील तर त्यातलं पोटॅशियम जड जातं. जत्रेत त्यांना न्या, पण सातच्या आधी नको, आणि बसायला खुर्ची मिळेल अशा कोपऱ्यात. कैरीची डाळ त्यांच्या आवडीची असेल, प्रथिनंही चांगली, पण कच्ची भिजवलेली डाळ आहे, अर्धी वाटी पुरे आणि केल्यावर तासा-दोन तासात संपवा, उन्हात ती फार लवकर आंबते.

घरात कुणाचं पोट बिघडलंच तर केमिस्टकडून ओआरएसची पुडी, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात पूर्ण पुडी घोळायची, अर्धी अर्धी करू नका. नावात ओआरएस लावून विकली जाणारी गोड टेट्रापॅकची पेयं म्हणजे ओआरएस नव्हे, एफएसएसएआयने २०२५ मध्ये तसं नाव लावायला मनाई केलीये. पुडी नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. यात साखर आहे म्हणून शुगरवाल्याने घाबरू नये, जुलाबात तीच पाणी शोषायला मदत करते, फक्त मीटरवर लक्ष ठेवा आणि डॉक्टरांना कळवा.

लेकीबद्दल जरा हळू आवाजात सांगते. पंधराव्या वर्षी जेवण चुकवून नंतर एकदम भरपूर खाणं, आणि त्यानंतर दुसऱ्या दिवशी पुन्हा उपाशी राहणं, हे चक्र एकदा लागलं की सोडवायला फार जड जातं, माझ्याकडे अशा मुली येतात आणि त्यांच्या आया म्हणतात, आम्हाला कळलंच नाही कधी सुरू झालं. ताटावर बसलेली असताना वजनाचा, पोटाचा, 'किती खाल्लंस' चा विषय काढू नका, पाहुण्यांनाही काढू देऊ नका, नणंदबाई म्हणाल्या की 'अगं, किती भरलीस' तर तुम्ही तिथल्या तिथे विषय बदला. तिला कामाला लावा. जत्रेत कुठल्या स्टॉलवर काय गरम होतंय हे बघून ठरवायचं काम तिचं, पुण्याच्या भावंडांना सराफ्यात कुठले चार दोने खाऊ घालायचे हे तिने निवडायचं, पन्ह्याची कैरी तिने भाजायची. आणि दुपारचं जेवण तुम्ही तिच्यासोबत बसून जेवा, ती जेवते की नाही हे बघत बसण्यापेक्षा. पाळी अनियमित होणं, केस गळणं, खाऊन लगेच बाथरूममध्ये जाऊन बसणं असं काही दिसलं तर मात्र वाट बघू नका, डॉक्टरांना दाखवा.

शेवटी मिस्टरांसाठी एक काम. प्रत्येकाचं शरीर वेगळं, कुणाची शुगर आंब्याने कमी चढते आणि साबुदाण्याने जास्त, हे मी इथे बसून सांगू शकत नाही, पण घरचं मीटर सांगेल. रसाचा पहिला दिवस, पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी बोट टोचा. दुसऱ्या वेळी तेवढाच रस, तेवढंच ताट, पण जेवणानंतर पंधरा मिनिटं गच्चीवर चक्कर, पुन्हा दोन तासांनी बघा. डॉक्टरांनी वेगळा आकडा दिला नसेल तर १८० च्या आत आलं की ती वाटी चालते, वर गेलं तर वाटी अर्धी. जत्रेनंतर, सराफ्यानंतरही एकेकदा. आकडे स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या त्या तारखेच्या चौकोनात लिहा, शेजारी काय खाल्लं ते दोन शब्दांत, आणि जूनमध्ये डॉक्टरांकडे जाल तेव्हा मे महिन्याचं ते पान फाडून सोबत घेऊन जा.